मुंबईत सायकल चालवणाऱ्या लेकराची काळजी : कुठली धरायची, कुठली सोडायची



गेले काही महिने गटाच्या बैठकीला गेले की बचत, हप्ते, वह्या असं सगळं आटोपल्यावर एक प्रश्न हमखास निघतो. "ताई, पोरगा घाटकोपरला असतो. कामावर सायकलनं जातो म्हणतो. जीव टांगणीला लागतो बघा. नको म्हणून सांगू का त्याला?" घाटकोपरच्या जागी कुणाचं अंधेरी असतं, कुणाचं बोरिवली, कुणाचं मुलुंड. काहींची मुलं सायकलवर जेवणाची पार्सलं पोहोचवतात. काहींची पोरं सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर पहाटे लांबवर सायकल मारायला जातात आणि फोटो पाठवतात. फोटोत मागे मोठमोठे ट्रक दिसतात, आणि गावाकडे आईची झोप उडते.

दोन गटांत तर यावरून कर्जाची मागणीच आली. सायकल धोक्याची, म्हणून पोराला जुनी मोटारसायकल घेऊन द्यायची, त्यासाठी अंतर्गत कर्ज हवं. पोराच्या जिवाच्या काळजीनं मागितलेल्या कर्जाला नाही कसं म्हणायचं, असं गटातल्या बायकांना वाटणारच. म्हणून हा विषय जरा सविस्तर लिहिते. कर्ज मंजूर करण्याआधी वाचा, आणि बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचून दाखवलंत तर अजून बरं.

सुरुवातीलाच एक सांगते. "काही होत नाही हो" असं मी म्हणणार नाही, कारण होतं. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पहाटे नवी मुंबईत नेरुळजवळ पाम बीच रस्त्यावर एका टॅक्सीनं मागून धडक दिली आणि अवतार सैनी यांचा मृत्यू झाला. इंटेल या मोठ्या कंपनीचे ते भारतातले माजी प्रमुख, वय ६८, मुरलेले सायकलस्वार, सोबत इतर सायकलवालेही होते. सगळ्या पेपरांत ती बातमी आली होती. अशी बातमी वाचली की आईला दुसरं काही दिसत नाही.

पण त्या बातमीत दोन गोष्टी नीट बघा. वेळ पहाटेची, आणि रस्ता रुंद, मोकळा, गाड्या सुसाट जाणारा. आपल्याला वाटतं की गर्दीचा रस्ता म्हणजे मरण आणि मोकळा रस्ता म्हणजे सुरक्षित. सायकलच्या बाबतीत बरेचदा उलटं असतं. संध्याकाळी सात वाजता घाटकोपरच्या लाल बहादूर शास्त्री मार्गावर गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत असतात. तिथे धक्का लागला तर खरचटेल, हात मोडेल. पहाटे पाचला हायवेवर गाडी ऐंशीनं येते, चालक रात्रभर जागा असतो. तिथे धक्का लागला तर काय होतं ते वेगळं सांगायला नको.

याचं कारण साधं आहे. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. तीसच्या वेगानं आलेली गाडी आणि साठच्या वेगानं आलेली गाडी यांत चार गाड्यांइतका फरक असतो म्हणा ना. म्हणून मुलगा सायकल चालवतो की नाही यापेक्षा तो कोणत्या वेगाच्या गाड्यांमध्ये चालवतो, हा खरा प्रश्न आहे.

आता मोटारसायकलीच्या अर्जाकडे येते.

केंद्र सरकारचं रस्ते वाहतूक मंत्रालय दरवर्षी अपघातांचा अहवाल काढतं. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत मोटारसायकल-स्कूटरवरची सुमारे ७५ हजार होती. पायी चालणारी साधारण ३३ हजार. सायकलवरची पाच हजारांच्या आत. म्हणजे शंभर मृतांमध्ये ४४ जण दुचाकीवरचे आणि ३ जण सायकलवरचे.

लगेच "बघा, सायकल पंधरापट सुरक्षित" असं म्हणू नका. आपल्या देशात रस्त्यावर दुचाक्याच जास्त आहेत आणि त्या लांब लांब जातात, त्यामुळे त्यांचा आकडा मोठा दिसणारच. या आकड्यांवरून एवढंच म्हणता येतं की सायकल काढून हातात मोटारसायकल दिली म्हणजे पोरगा सुरक्षित झाला, या समजुतीला काही आधार नाही. उलट सायकलवर तो पंधराच्या वेगानं जातो, मोटारसायकलवर साठनं जाईल. वेग चौपट म्हणजे पडल्यावर बसणारा जोर सोळापट. शिवाय कर्जाचा हप्ता, पेट्रोल, विमा, पीयूसी, लायसन्स. मुलगा अठराच्या आतला असेल तर विषयच संपला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते. सायकलीला लायसन्स लागत नाही.

मोटारसायकल घेऊच नका असं माझं म्हणणं नाही. कामासाठी लागत असेल, हप्ता झेपत असेल, तर त्या कारणासाठी अर्ज करा आणि गटानं त्या हिशोबानं तो तपासावा. पण "सायकलची भीती वाटते" हे कर्जाचं कारण म्हणून मला पटत नाही.

अजून एक तुलना करते. मुंबईच्या लोकल रेल्वेवर रूळ ओलांडताना आणि गाडीतून पडून दरवर्षी कितीतरी माणसं मरतात. पोरगा लोकलनं जातो म्हटलं की आपण "बरं" म्हणतो. सायकलनं जातो म्हटलं की पोटात गोळा येतो. सवयीच्या धोक्याची भीती वाटेनाशी होते, नव्याची वाटते. (लोकलवाल्या मुलांनाही रूळ ओलांडू नको, पूल चढून जा, दारात लटकू नको, हे फोनवर सांगत जा. ते तर सायकलीइतकंच महत्त्वाचं.)

आणि सायकलनं मुंबई पालथी घालणं आपल्या भागाला नवीन थोडंच आहे? मुंबईचे डबेवाले कुठले? मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर, मुळशीचे. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेलं ते काम. तुमच्यापैकी कितीतरी जणींचे सासरे, दीर, चुलते स्टेशनबाहेर सायकलीला डबे टांगून अंधेरी-घाटकोपरच्या गर्दीतून फिरलेत, काही अजून फिरतायत. त्यांची एक गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे : डबेवाल्याचा भाग ठरलेला असतो आणि तो रोज त्याच रस्त्यांनी जातो. कुठे खड्डा, कुठल्या वळणावर बस अंगावर येते, कुठल्या गल्लीतून रिक्षा सुसाट निघते, हे पायाखालचं असतं. रोज नवा शॉर्टकट शोधणाऱ्यापेक्षा ओळखीच्या रस्त्यानं जाणारा केव्हाही बरा. फक्त त्यांची गांधी टोपी म्हणजे हेल्मेट नव्हे, हेही सांगा!

मुलाला विचारायचे खरे प्रश्न

"सांभाळून जा रे" हे आपण सगळ्याच म्हणतो. त्यानं आपल्याला बरं वाटतं, पण मुलाच्या हाताला काही लागत नाही. त्याऐवजी नेमकं विचारा.

पहिलं विचारा, कोणत्या रस्त्यानं जातोस? घाटकोपर-विक्रोळी-भांडुप-मुलुंडकडे दोन मोठे उभे रस्ते आहेत. पूर्व द्रुतगती महामार्ग, ज्याला सगळे ईस्टर्न हायवे म्हणतात, आणि आतला लाल बहादूर शास्त्री मार्ग, म्हणजे एलबीएस. अंधेरी ते बोरिवली पट्ट्यात तसाच वेस्टर्न हायवे आणि स्टेशनच्या पश्चिमेचा एसव्ही रोड. हायवे लवकर पोहोचवतो, पण गाड्या वेगात असतात. आतला रस्ता वेळ खातो, धूर खायला लावतो, पण तिथे वेग कमी. हायवेला लागून बऱ्याच ठिकाणी सर्व्हिस रोड आहे, तो असेल तर त्यानं जावं, आणि फ्लायओव्हर न चढता खालून जावं. पूर्व-पश्चिम जायला जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड आहे, त्याला चढ-उतार आहेत आणि अवजड गाड्याही भरपूर. रोज तिथून जात असेल तर दुसरा रस्ता आहे का ते विचारा. नसेल तर वेळ बदलता येते का ते बघा.

दुसरं, ट्रक आणि बसच्या डाव्या बाजूला घुसतोस का? हे एक वाक्य जरी मुलाला पटलं तरी मी हा लेख लिहिल्याचं सार्थक झालं असं समजेन. सिग्नलला मोठी गाडी उभी असते, तिच्या डाव्या बाजूला सायकल जाईल एवढी फट असते, पोरं त्यात शिरतात. ट्रकवाला उंचावर बसलेला, त्याला आपल्या दाराच्या खालचं, डाव्या अंगाचं काही दिसत नाही. सिग्नल सुटला आणि त्यानं डावीकडे वळण घेतलं की सायकलवाला मागच्या चाकाखाली. उपनगरांत मेट्रोची, इमारतींची कामं चालू असल्यामुळे डंपर आणि काँक्रीटचे मिक्सर सगळीकडे आहेत. मोठ्या गाडीच्या मागेच थांबायचं, दोन मिनिटं गेली तर जाऊ देत.

तिसरं, उलट्या बाजूनं जातोस का? याला हसू नका, आपल्याकडे चांगली चांगली माणसं जातात. समोरून येणारी गाडी दिसते म्हणून बरं वाटतं. पायी चालताना ते बरोबरच आहे. सायकलला नाही. सायकल पंधरानं आणि गाडी चाळीसनं समोरासमोर आली तर धडक पंचावन्नची. दोघं एकाच दिशेनं जात असतील तर फरक पंचवीसचाच. आणि गल्लीतून बाहेर पडणारा रिक्षावाला उजवीकडून येणाऱ्या गाड्या बघत असतो, डावीकडून उलटं कोणी येईल हे त्याच्या ध्यानीमनीही नसतं.

उभ्या गाड्यांच्या अगदी कडेनंही जायचं नाही. आतला माणूस मागं न बघता दार उघडतो, रिक्षातून कुणी अचानक पाय बाहेर टाकतं. दार पूर्ण उघडलं तरी लागणार नाही एवढं, म्हणजे साधारण एक मीटर अंतर ठेवायचं. अशानं मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत.

हेल्मेटचं मला नेहमी विचारतात. सायकलला कायद्यानं सक्ती नाही, पण घालावं. सायकलचं हेल्मेट हलकं, भोकं असलेलं असतं, मोटारसायकलचं जड हेल्मेट घालून पायडल मारणं जमत नाही. भुवईच्या वर दोन बोटं बसलं पाहिजे, मागे कलंडलेलं नको, आणि पट्टा हनुवटीखाली लावलेला हवा. खड्ड्यात चाक अडकून डोकं आपटलं तर ते खरंच वाचवतं. भरधाव ट्रकपुढे त्याचा उपयोग नाही. म्हणून "हेल्मेट आहे ना, मग झालं" असं समजू नका, रस्त्याचा प्रश्न आधी. रात्री चालवत असेल तर पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा, चाकांना आणि पायडलला रिफ्लेक्टर. हेल्मेटला पैसे कमी पडत असतील तर आधी मागचा लाल दिवा घ्या, असं माझं मत आहे, कारण अंधारात न दिसणं हेच मोठं संकट. आणि कानात हेडफोन अजिबात नको.

जून ते सप्टेंबर हा वेगळा भाग. पावसात ब्रेक उशिरा लागतात, रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणं बर्फासारखी निसरडी होतात. गटाराच्या जाळीच्या फटी चाकाच्या दिशेनं असल्या की पातळ टायर सरळ आत जातो. साचलेल्या पाण्याखाली खड्डा आहे की उघडं मॅनहोल, हे कुणालाच दिसत नाही. अंधेरीचा सबवे तर दर पावसाळ्यात भरतो. साचलेल्या पाण्यात सायकल घालायची नाही, हा नियम पक्का करा. मुसळधार पावसाच्या दिवशी सायकल घरी ठेवून बस किंवा मेट्रो धरावी. अंधेरी ते घाटकोपर मेट्रो २०१४ पासून आहे. चार दिवसांचं जादा भाडं गेलं तर गेलं.

सुट्टीच्या दिवशी हौसेनं चालवणारी मुलं असतील तर त्यांना हायवेऐवजी बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुचवा. फाटकापासून कान्हेरी लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटरचा झाडीतला रस्ता आहे, आत सायकली भाड्यानं मिळतात, सोमवारी उद्यान बंद असतं. नव्यानं शिकणाऱ्याला याहून चांगली जागा उपनगरात नाही. खरं तर शहरानं सायकलींना वेगळे रस्ते द्यायला हवेत. महापालिकेनं मुलुंडपासून जलवाहिनीच्या कडेनं ३९ किलोमीटरचा सायकल मार्ग आखला होता. पवई तलावाकाठी एक सायकल ट्रॅक बांधायला घेतला, तो मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं बेकायदा ठरवला. २०२२ मध्येच मुंबई पोलिसांनी रविवारी सकाळी काही रस्ते गाड्यांना बंद करून लोकांना चालायला-सायकलला मोकळे केले होते, तेव्हा गर्दी किती झाली होती! म्हणजे हौस आहे, जागा नाही.

मुलीची आई असाल तर

मुलींच्या आयांची काळजी थोडी वेगळी, आणि त्या ती मोठ्यानं बोलत नाहीत. रस्त्यापेक्षा माणसांची भीती. माझं म्हणणं, सायकल असलेली मुलगी अंधाऱ्या गल्लीत रिक्षाची वाट बघत उभी राहत नाही, पायी चालणारीपेक्षा लवकर निघून जाते. तरी रात्री उशिरा निर्मनुष्य रस्ता टाळावा, दिव्यांचा, दुकानांचा रस्ता धरावा. मुंबई पोलिसांचा महिलांसाठीचा १०३ नंबर आणि सगळीकडे चालणारा ११२ तिच्या फोनमध्ये आहे का ते विचारा. रिक्षाचं किमान भाडं फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपये झालं आहे. जाऊन-येऊन महिन्याचा हिशोब तुम्हीच मांडा, सायकल तिच्या पगारात काय वाचवते ते कळेल. आणि रोज अर्धा तास सायकल म्हणजे आठवड्याला दीडशे मिनिटांचा व्यायाम सहज होतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना एवढाच व्यायाम सांगते.

फोनवर कसं बोलायचं

"सोड ती सायकल" म्हटलं की सायकल सुटत नाही, पोरगा आपल्याला सांगायचं सोडतो. मग पडला, खरचटलं, तरी घरी कळत नाही. म्हणून आधी त्याचं ऐकून घ्या. रस्ता कसा आहे, कुठे भीती वाटते, कधी थोडक्यात वाचलास का, हे विचारा. त्याला भीती वाटणारी जागा तोच सांगेल, आणि ती बहुतेक वेळा खरी धोक्याची असते.

तो रस्त्यावर असेल त्या वेळेत फोन करू नका. आईचा फोन म्हटल्यावर तो एका हातानं उचलणारच. पोहोचल्यावर त्यानंच मिस्ड कॉल द्यायचा, असं ठरवून टाका. अर्धा तास उशीर झाला तर ट्रॅफिक असेल असं समजा, लगेच रडारड नको.

महिन्यातून एकदा विचारा, ब्रेक बघितलेस का? दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलायची, चाक फिरलं तर ब्रेक गेले. टायरमध्ये हवा, चेनला तेल. सायकल त्याच्या उंचीची हवी, सीटवर बसून पायाचा चवडा जमिनीला टेकला पाहिजे. मामाची जुनी मोठी सायकल कौतुकानं पाठवता, तीही बघून पाठवा.

आणि अपघात झालाच तर

हे अशुभ म्हणून बाजूला ठेवू नका. मुलाच्या खिशात एक चिठ्ठी असू द्या : नाव, रक्तगट, मुंबईतल्या एका जवळच्या माणसाचा नंबर. फोन लॉक असला तर लोकांना नंबर सापडत नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८. उपनगरात महापालिकेची मोठी रुग्णालयं आहेत : घाटकोपरला राजावाडी, अंधेरीच्या बाजूला कूपर, आणि जोगेश्वरीला हायवेलगत बाळासाहेब ठाकरे ट्रॉमा केअर. डोकं आपटलं असेल आणि पोरगा "मी ठीक आहे" म्हणत उठला, तरी नंतर उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी सुरू झाली तर तासभरही न थांबता दवाखाना गाठायचा. रूमवरच्या मुलांनाही हे सांगून ठेवा, कारण तो स्वतः झोपून जाईल.

मदत करणाऱ्या माणसाला पोलीस अडकवतात ही भीती आता नको. मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. मोटारगाडीनं धडक दिलेल्या जखमीला केंद्राच्या २०२५ च्या योजनेत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात, फक्त पोलिसांत नोंद हवी. धडक देऊन गाडी पळून गेली आणि सापडली नाही, तरी २०२२ पासून गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यूला दोन लाख रुपये भरपाई आहे. त्याचा अर्ज महसूल उपविभागाच्या अधिकाऱ्याकडे जातो. सायकलवाल्याला हे लागू होत नाही असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका.

शेवटचं प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचं. आपल्यातल्या बऱ्याच जणींचा हा विमा बँकेनं काढलेला आहे, पण मुंबईतल्या मुलांचा निघालाय का, हे कुणीच बघत नाही. वय १८ ते ७० असेल आणि बँकेत खातं असेल तर वर्षाला २० रुपयांत निघतो. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाख, अंशतः कायमच्या अपंगत्वाला एक लाख. वर्ष १ जून ते ३१ मे असतं, त्यामुळे मेअखेर खात्यात २० रुपये शिल्लक हवेत, नाहीतर विमा बंद पडतो. मुलाचं खातं गावच्या शाखेत असेल तर तो सुट्टीला आला की सही घेऊन अर्ज भरता येईल. पुढच्या महिन्याच्या बैठकीला मी कोरे अर्ज घेऊन येते. ज्यांची मुलं येणार असतील त्यांनी आधार आणि पासबुकाची झेरॉक्स काढून ठेवा.